व्हॅनिलाचं कटिंग मागवताय? आधी माझा पाच वर्षांचा अनुभव वाचा

घरी व्हॅनिला लावायची म्हणून मी तीन जणांकडून तीन वेळा खरेदी केली. त्यातल्या दोन वेळा पैसे पाण्यात गेले आणि तिसऱ्या वेळी जे हाताला लागलं त्याचा वेल आज कोकणात गुहागरला आमच्या आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पांगाऱ्याच्या झाडावर चढलाय आणि त्याच्या शेंगा माझ्या पुण्याच्या घरात बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवल्यात. हल्ली खूप जण विचारतात की कुठून आणलंस, कितीला आणलंस, फ्लॅटमध्ये येते का, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते. ज्यांच्याकडे फसले त्यांची नावं लिहीत नाही, तसले विक्रेते ढिगाने आहेत, एकाचं नाव घेऊन काही होणार नाही, पण माल कसा ओळखायचा ते सांगते.

सुरुवात झाली २०२० च्या जूनमध्ये. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनीच काही ना काही लावलं तसं मलाही वाटलं, आणि ऑनलाइन बघता बघता 'व्हॅनिला ऑर्किड सीड्स' दिसलं, वीस बिया १९९ रुपये. मागवल्या. आल्या त्या मोहरीएवढ्या, गोल, तपकिरी. मी कोकोपीटमध्ये पेरल्या, रोज स्प्रे केला, आणि अठरा-वीस दिवसांनी जे उगवलं ते सरळ सरळ रस्त्याकडेला असतं तसलं तण होतं. नंतर वाचल्यावर कळलं की व्हॅनिलाची बी म्हणजे अक्षरशः काळी धूळ असते, चांगल्या आइस्क्रीममध्ये जे बारीक काळे ठिपके दिसतात ना ते, एका मिलिमीटरच्या निम्मीसुद्धा नसते, आणि तिच्या पोटात कोंबाला पुरेल एवढं अन्नच नसतं. जंगलात ठराविक बुरशीच्या मदतीने ती रुजते नाहीतर मग लॅबमध्ये बाटलीत वाढवावी लागते. घरी कुंडीत पेरून व्हॅनिला येत नाही. त्यामुळे कोणीही कितीही गोड फोटो टाकून बिया विकत असेल तर घेऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते, कारण आजही त्या तशाच विकायला दिसतात आणि लोक घेतातच.

दुसरी खरेदी कटिंगची, म्हणजे लावण्यासाठी कापलेल्या वेलाच्या तुकड्याची. एका ऑनलाइन नर्सरीकडून, ४५० रुपये आणि वर कुरिअरचे १२०. फोटोत लांबलचक हिरवागार वेल होता. पार्सल नऊ दिवसांनी आलं, आणि उघडलं तर आठ इंचांचा तुकडा, दोन पानं, आणि तो सगळा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, पिशवीच्या आत पाण्याचे थेंब साचलेले. खालचं टोक काळं पडून मऊ झालं होतं, बोटाने दाबलं तर आत गेलं आणि कुजक्या बटाट्यासारखा वास आला. फोटो काढून पाठवले, तर उत्तर आलं की जिवंत रोपाला रिटर्न नाही, अनपॅकिंगचा व्हिडिओ नसेल तर रिफंडही नाही. मी कुजलेलं कापून वरचा चार इंचाचा भाग लावून बघितला, महिनाभर तो हिरवा राहिला, मग श्रावणात एका आठवड्यात पिवळा पडला आणि गेला.

मला त्या पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचा जास्त राग आला. समजा तो तुकडा ताजा असता, जगला असता, तरी आठ इंचाच्या कटिंगला फुलं यायला किती वर्षं लागली असती हे विकणाऱ्याने कुठेच लिहिलं नव्हतं. व्हॅनिलात कटिंगची लांबी म्हणजे सगळं. शेतकरी लावतात ते तीन-चार फुटांचं, पंधरा-वीस पेरांचं कटिंग लावतात, आणि त्यालाही फुलावर यायला साधारण तीन वर्षं जातात. छोट्या तुकड्याला आधी तेवढा वेल व्हायलाच एक-दोन वर्षं जास्त लागतात, आणि बरेचसे मधेच मरतात कारण अंगात साठा नसतो. म्हणजे आठ इंच ४५० ला आणि चार फूट ३०० ला मिळत असेल तर स्वस्त-महागाचा हिशोब तुम्हीच करा.

आता तिसरी खरेदी, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय. माझ्या नणंदेच्या ओळखीने कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिरसी भागातल्या एका सुपारी बागायतदारांचा नंबर मिळाला. सिरसीकडे सुपारीच्या बागांमधून मिरी, वेलदोडा, व्हॅनिला अशी आंतरपिकं घेतात. मी फोन केला, ते अर्धं कानडी अर्धं हिंदी बोलत होते, मी अर्धं मराठी अर्धं हिंदी, पण जमलं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल, तर कुठे लावणार, सावली किती आहे, उन्हाळ्यात हवा किती कोरडी असते. आधीच्या दोघांपैकी कोणीच हे विचारलं नव्हतं. मग म्हणाले आत्ता पाऊस आहे, आत्ता नाही देत, पाऊस थांबला की कापतो. म्हणजे विकायची घाई नाही! ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा फोन आला, आज कापलंय, चार दिवस सावलीत ठेवून मग पाठवतो. ३०० रुपयाला एक, मी दोन घेतली, कुरिअर १८०, एकूण ७८०.

बोलता बोलता त्यांनी जुन्या तेजीचं पण सांगितलं. २००० साली मादागास्करला मोठं वादळ झालं, जगातली सगळ्यात जास्त व्हॅनिला तिथून येते, तिथल्या बागा झोपल्या आणि पुढच्या तीन-चार वर्षांत भाव असे काही चढले की केरळ-कर्नाटकात लोकांनी जिथे जागा मिळेल तिथे व्हॅनिला लावली. कटिंग मीटरवर विकली जायची, रात्री बागेत राखण करावी लागायची कारण हिरव्या शेंगा चोरीला जायच्या. मग मादागास्करचा माल परत बाजारात आला, भाव कोसळले, आणि लोकांनी वेल उपटून टाकले. ह्यांनी दोन ओळी ठेवल्या, आणि त्याच वेलांची कटिंगं आज ते देतात. म्हणजे माझ्या कुंडीत आलेला तुकडा त्या तेजीच्या काळातल्या वेलाचाच वंश आहे, हे ऐकून मला फार छान वाटलं होतं.

पॅकिंगबद्दल वेगळं लिहायलाच हवं. पोफळीच्या झावळीचं बूड असतं ना रुंद, चामड्यासारखं, आमच्या कोकणात त्याला विरी म्हणतात, त्या विरीत दोन्ही कटिंगं गोल वळवून गुंडाळलेली, आत कानडी पेपर, पेपरच्या आत जेमतेम दमट काथ्या आणि बाहेरून सुतळी. प्लॅस्टिकचा कुठे तुकडाही नाही. उघडलं तेव्हा ओल्या सुपारीचा हलका वास आला. वेल करंगळीएवढा जाड, गुळगुळीत, हिरवागार, पेरापेराला थोडा नागमोडी वळलेला, आणि प्रत्येक पानाच्या बरोबर समोर एक छोटं फिकट मूळ, काही नुसते ठिपके तर काही इंचभर. पानं जाड, मांसल, बोटाने वाकवली तर कडक. खालची चार पानं आधीच काढलेली आणि ती जागा सुकून बंद झालेली, कापलेलं टोकही सुकून पांढरट कडक झालेलं. ही सगळी लक्षणं लक्षात ठेवा, कटिंग चांगलं की नाही हे यावरूनच कळतं. टोक ओलं असेल, पान लोळत असेल, पेराला मुळाचा पत्ताच नसेल तर ते नको.

एक आपलं पुण्याला बाल्कनीत ठेवलं आणि एक दिवाळीला गुहागरला नेलं.

गुहागरचं आधी सांगते कारण तिथे फारसं काही करावंच लागलं नाही. आगरात माड आणि पोफळी आहेत, मधे मिरीचे वेल, कडेला एक जुना पांगारा. सासऱ्यांना मी विचारलं, बाबा, रोज पाणी घालायला कोणी असेल का, तर ते म्हणाले, "मिरीच्या वेलाला कोण रोज पाणी घालतं गं? पाटाचं पाणी आठ दिवसांनी बाजूनं जातं तेवढं बास." आणि तेच खरं निघालं. खड्डा खणून पुरायचं नाही, ही व्हॅनिलाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे ऑर्किड आहे, त्याची मुळं वरच्या दोन-तीन इंचांत पसरतात आणि त्यांना हवा लागते. आम्ही पांगाऱ्याच्या बुडाशी पातेरा (वाळलेला पाला) आणि नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पसरली, वेलाची खालची तीन पेरं त्यावर आडवी ठेवली, वरून परत थोडा पातेरा टाकला, आणि कापलेलं टोक मुद्दाम मोकळं बाहेर ठेवलं. टोक मातीत गेलं की तिथूनच कुजायला सुरुवात होते, असं सिरसीच्या त्या बागायतदार काकांनी तीनदा बजावलं होतं. उरलेला वेल खोडाला केळीच्या सोपटाच्या पट्ट्यांनी सैल बांधला. सुतळीने आवळू नका, वेल जाड होतो आणि सुतळी आत रुतते.

पुण्यात मात्र मेहनत आहे, ती लपवणार नाही. आमची बाल्कनी पूर्वेची, कोथरूडला, चौथा मजला. चौदा इंची मातीची कुंडी घेतली, त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे जास्त, पालापाचोळ्याचं खत, थोडं शेणखत, माती जवळजवळ नाहीच. मधे काथ्या गुंडाळलेला पाच फुटी खांब. वर पन्नास टक्के सावलीची ग्रीन नेट. पहिले दोन महिने काहीच झालं नाही, नुसता हिरवा तुकडा उभा. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी बघितलं तर तिसऱ्या पेराचं मूळ लांब होऊन काथ्याला असं चिकटलं होतं की पालीचा पाय भिंतीला चिकटतो तसं, चपटं होऊन, आणि त्याच्या वरच्या पेरातून टोकदार पोपटी कोंब निघाला होता, भाताच्या लोंबीच्या टोकाएवढा. मी त्या दिवशी ऑफिसच्या कॉलला दहा मिनिटं उशिरा गेले.

एप्रिलला मात्र पुण्याची हवा भट्टीसारखी कोरडी झाली आणि पानांना उभ्या सुरकुत्या पडल्या. इथे बहुतेक जण करतात ती चूक मीही केली, पाणी वाढवलं. व्हॅनिलाला तहान लागते ती हवेतल्या दमटपणाची, कुंडी भिजवून ती भागत नाही. कुंडी ओली राहिली की बुरशी येते, फ्युजेरियम म्हणतात, आणि मुळं सडतात, मग मुळंच नाहीत म्हणून पानं आणखी सुकतात आणि आपण आणखी पाणी घालतो. मग मी खांबावरच्या काथ्याला सकाळ-संध्याकाळ स्प्रे करायला लागले, कुंडीत मात्र वरचे दोन इंच बोटाला कोरडे लागले तरच पाणी, आणि आजूबाजूला दोन-तीन मोठ्या पानांची झाडं आणून ठेवली म्हणजे कोपरा दमट राहील. पंधरा दिवसांत पानं परत भरली.

२०२२ च्या जुलैमध्ये सलग पावसात वेल खालून कुजायला लागलाच. बुडाचा वीतभर भाग तपकिरी, आत दोऱ्यासारखे तंतू. ब्लेड गरम पाण्यातून आणि स्पिरिटने पुसून घेतलं, काळेपणाच्या दोन पेरं वरून कापलं, कापताना चिकट पांढरट रस हाताला लागला आणि मनगटापर्यंत खाज सुटली, लाल चट्टे दोन दिवस होते, तेव्हा ग्लोव्हज घालूनच कापा, लहान मुलं जवळ नकोत. मग वरचा भाग आठ दिवस सावलीत तसाच लटकवून ठेवला, टोक सुकलं, नवीन मिश्रणात ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून परत आडवा लावला. जगला. हीच तर लांब कटिंगची मजा आहे, खालचं दोन फूट गेलं तरी वर पाच फूट उरतो आणि हवेतली मुळं त्याला तोपर्यंत धरून ठेवतात. आठ इंचाच्या तुकड्याला असा दुसरा चान्स मिळत नाही.

पुण्याचा वेल आज नऊ फुटांच्या आसपास आहे, वर जाऊन परत खाली वळवलाय, तब्येतीने उत्तम, पण फुलं अजून नाहीत. जे फ्लॅटमध्ये येते का विचारतात त्यांना माझं उत्तर हेच, की जगते, छान दिसते, फुलण्याचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गुहागरला मात्र २०२४ च्या शिमग्याला चमत्कार बघायला मिळाला. फेब्रुवारीतच जाऊबाईंनी फोटो पाठवला होता, "अगं, हे मिरीचे घोस नाहीत, हे काय आलंय बघ जरा." लोंबत्या वेलावर पानांच्या बगलेत हिरव्या बोटांसारखे कळ्यांचे झुबके! आदल्या पावसात दिरांनी तो वेल पांगाऱ्याच्या फांदीवरून खाली सोडला होता आणि सिरसीच्या काकांच्या सांगण्यावरून त्याचा शेंडा चार बोटं खुडला होता, लोंबत्या वेलाचा शेंडा खुडला की पुढच्या हंगामात फुलं धरायला मदत होते म्हणून. मी होळीची रजा दोन दिवस वाढवून घेतली आणि आम्ही गावी गेलो.

आता व्हॅनिलाचं फूल म्हणजे काय प्रकार आहे ते ऐका. फिकट पिवळसर हिरवं, दिसायला अगदी साधं, पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, परत कधीच उमलत नाही. एका झुबक्यात पंधरा-वीस कळ्या असतात पण रोज एक, फार तर दोन उघडतात. आणि फुलाच्या आत पराग आणि ते जिथे पोचायला हवेत ती जागा यांच्यामध्ये एक बारीक पडदा असतो, त्यामुळे आपोआप काही होत नाही. मूळची ही मेक्सिकोची, तिथून वेल जगभर गेला, पण शेंगाच धरेनात, नुसती फुलं यायची आणि गळायची. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने हाताने परागीकरण करायची सोपी रीत शोधली. तो गुलामीत जन्मलेला, शाळेचं तोंड न बघितलेला मुलगा. त्याच्या त्या रीतीवर आजही जगभरची व्हॅनिला उभी आहे, मादागास्करपासून सिरसीपर्यंत बायामाणसं सकाळी तेच करतात. त्याला त्यातून पैसा काही मिळाला नाही, १८८० मध्ये तो गरिबीतच गेला. व्हॅनिला लावणाऱ्या प्रत्येकाला त्याचं नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तर त्या सकाळी साडेसातला मी स्टुलावर उभी, जाऊबाई खाली स्टूल धरून, आणि लांबून ढोल ऐकू येतोय कारण त्या दिवशी पालखी आमच्या वाडीत यायची होती. डाव्या हाताने फूल अलगद धरायचं, समोरची नळीसारखी पाकळी टूथपिकने उभी फाडायची, आत पिवळसर परागाची गोळी दिसते आणि तिच्याखाली तो पडदा, जिभेच्या टोकासारखा. टूथपिकच्या मागच्या बाजूने तो पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने परागाची गोळी खाली दाबायची, की चिकटते. पहिलं फूल माझ्या हातून तुटलं. दुसऱ्याला पडदा उचलला पण गोळी टूथपिकला चिकटून बाहेर आली. तिसरं जमलं. "ताई, झालं बहुतेक," मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बहुतेक नको म्हणूस, उद्या सकाळी बघू." दुसऱ्या दिवशी आधीची दोन्ही गळून पडली होती आणि तिसरं सुकलेलं असूनही देठाला घट्ट होतं. लागलं की फूल गळत नाही, हीच खूण. पाच दिवसांत मी अकरा फुलं केली, मी निघाल्यावर जाऊबाईंनी आणखी सहा केली, त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, त्यांची सहाच्या सहा लागली. माझी अकरातली सात. एका वेलाला पहिल्या वर्षी जास्त शेंगा ठेवू नका, वेल दमतो असं काकांचं म्हणणं, म्हणून आम्ही तेरापैकी आठच ठेवल्या.

शेंग दीड-दोन महिन्यांत घेवड्यासारखी वीतभर लांब होते आणि मग सात महिने नुसती लटकत राहते. एकूण नऊ महिने लागतात. डिसेंबरमध्ये टोकं पिवळसर झाली तेव्हा काढल्या. अजिबात वास नाही! हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतोच, तो नंतर मुरवताना तयार होतो, आणि हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण हिरव्या शेंगा तशाच वाळवून वाया घालवतात.

मुरवणीचं थोडक्यात सांगते. पाणी ६३ ते ६५ डिग्रीला आणलं, किचन थर्मामीटर लावून, शेंगा तीन मिनिटं बुडवल्या. लगेच जुन्या घोंगडीत गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात दीड दिवस. उघडल्या तर चॉकलेटी झाल्या होत्या आणि घाम आल्यासारख्या ओल्या. मग दहा-बारा दिवस रोज दुपारी तासभर उन्हात घोंगडीवर, गरम असतानाच परत गुंडाळून डब्यात. त्यानंतर महिनाभर सावलीत जाळीवर, रोज बोटांमधून एकेक शेंग सरळ करत. एका शेंगेला पांढरी बुरशी दिसली, ती टाकून दिली. उरलेल्या सात बटर पेपरमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत तीन महिने. फेब्रुवारीत एका रात्री कपाट उघडलं आणि आतल्या साड्यांनासुद्धा वास लागलेला. बाजारच्या इसेन्सचा वास एकसुरी असतो, तो बहुतेक वेळा कारखान्यात तयार केलेला व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासातलं मुख्य रसायन, असतो. हा वास तसा नाही, ह्यात थोडा मनुकांचा, थोडा जुन्या लाकडी पेटीचा, थोडा गुळाच्या पाकाचा असं काहीतरी आहे, आणि तो दर आठवड्याला बदलत गेला. पाडव्याला अर्धी शेंग उभी चिरून दुधात घालून शेवयांची खीर केली, सासरे दोन वाट्या खाऊन म्हणाले, वेलदोडा घातला नाहीस ना, बरं केलंस.

वजनाचा अंदाज हवा असेल तर पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो तयार व्हॅनिला होते. दुकानात दोन शेंगांची काचेची नळी मी साडेतीनशेला घेतली होती, तेव्हा मला महाग वाटली होती, आता नाही वाटत.

तर सिरसीच्या त्या कटिंगला माझ्याकडून पाचपैकी पाच. पॅकिंगला पाच, सल्ल्याला तर दहा, साडेचार वर्षांत मी किमान वीस वेळा फोन केला असेल आणि एकदाही ते कंटाळले नाहीत. एकच उणीव म्हणजे ते थोडीच कटिंगं देतात आणि फक्त पावसानंतर, त्यामुळे वाट बघावी लागते. त्यांचा नंबर मी इथे देत नाहीये, त्यांनीच नको म्हटलंय, घरची दोन माणसं सगळं करतात आणि एकदम फोन आले तर त्यांना झेपणार नाही. पण केरळ, कर्नाटक आणि आपल्या कोकणातही बागायतदारांकडे व्हॅनिला आहे, कोकणात कोणी नातेवाईक असेल तर मिरी लावणाऱ्यांकडे आधी चौकशी करा.

आणि ऑनलाइनच घ्यायचं असेल तर पैसे द्यायच्या आधी कटिंगचा मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला आजचा फोटो मागा, पानाच्या समोर मूळ दिसतंय का ते बघा, कापून किती दिवस झाले ते विचारा, प्लॅस्टिकमध्ये बंद करून पाठवू नका असं लेखी सांगा, आणि पार्सल उघडताना मोबाइल चालू ठेवा. तीन फुटांपेक्षा कमी असेल तर शंभर रुपयालाही घेऊ नका. मे महिन्यात आणि भर पावसात मागवू नका, सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ आपल्याकडे चांगला. आमच्या गुहागरच्या वेलाची यंदा चार कटिंगं काढणार आहोत, दोन नणंदेकडे रत्नागिरीला जातील, एक माझ्या शेजारच्या काकूंना हवंय, आणि एक मी पुण्याच्या दुसऱ्या कुंडीत लावणार आहे, ह्या वेळी उत्तरेच्या खिडकीत, बाथरूमच्या बाजूला, तिथली हवा जरा दमट असते.